सावकाश जा, पुढे काम चालू आहे

पासष्टी ओलांडलेल्या माणसानं परदेशात डोंगर बघायला जायचं ठरवलं की लोक आधी विचारतात, व्हिसाचं झालं का. मग विचारतात, थंडी सोसेल का. तिथला रस्ता खणून ठेवलाय का, हे कुणी विचारत नाही. आमच्या गेल्या वर्षीच्या सफरीचं सगळं गणित मात्र याच न विचारलेल्या प्रश्नावर बसवावं लागलं. पुढे-मागे तुमच्यावरही अशी वेळ येऊ शकते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मुलगी आणि जावई म्युनिकला असतात. पत्नीचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की दिवाळीच्या आत ऑपरेशन करून घ्या. पत्नी म्हणाली, ‘ऑपरेशननंतर मी कशी चालेन ते अल्लाहला ठाऊक. आता चालता येतंय तेवढ्यात एकदा तुमच्या त्या बर्फाच्या डोंगरात नेऊन आणा.’ बत्तीस वर्षांच्या संसारात तिनं मागितलेल्या गोष्टी बोटांवर मोजण्याइतक्या. त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच उरला नाही. कुठं आणि कधी, एवढंच ठरवायचं होतं.

मुलीनं फोनवर पहिली कल्पना मांडली ती फेब्रुवारी २०२६ ची. ‘अब्बा, इटलीत हिवाळी ऑलिम्पिक आहे. कोर्तिना इथून चार-पाच तासांवर. बर्फही बघून होईल आणि खेळही.’ ऐकायला छान वाटलं. पण कागद घेऊन बसलो तेव्हा एकेक गोष्ट पुढे येऊ लागली. स्पर्धा ६ ते २२ फेब्रुवारी. रमजान त्याच महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होणार. बर्फावरून चालायचं म्हणजे धडधाकट माणसाचीही परीक्षा, तिथं अम्मीच्या गुडघ्यांचं काय व्हायचं? आणि खोल्यांचे भाव असे, की पेन्शनीतल्या माणसानं ते नुसते वाचावेत. शेवटी २०२५ चा जून ठरला. बकरी ईद ७ जूनला घरी करायची, भावंडांकडं वाटे पोचवायचे आणि मग निघायचं.

जून पक्का झाल्यावर कळलं की आपण ज्या डोंगरात चाललोय तिथं ऑलिम्पिकची बांधकामं अगदी ऐन भरात आहेत.

कोर्तिना द’आम्पेत्झो हे इटलीच्या डोलोमाइट पर्वतातलं गाव, समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटरवर. १९५६ चं हिवाळी ऑलिम्पिक इथंच झालं होतं. ते टीव्हीवरून थेट दाखवलं गेलेलं पहिलं हिवाळी ऑलिम्पिक. पुढे जून २०१९ मध्ये लोझानला मतदान झालं आणि मिलान-कोर्तिना जोडीनं स्टॉकहोमला हरवून २०२६ चा मान मिळवला. खेळ वाटले गेले चारी दिशांना. बर्फाच्या हॉलमधले बरेचसे मिलानला, पुरुषांचं उतारावरचं स्कीइंग बोर्मिओला, स्नोबोर्ड लिविन्योला, बायथलॉन आन्टरसेल्वाला, महिलांचं स्कीइंग आणि घसरगाड्या कोर्तिनाला, समारोप वेरोनाच्या रोमन काळातल्या रंगमंडळात. तयार जागाच जास्तीत जास्त वापरायच्या, असं सुरुवातीला सांगितलं जात होतं. तरी रस्ते, बायपास, गोंडोला, पार्किंग, घसरगाडीचा नवा ट्रॅक ही कामं निघालीच. अन् ती निघाली अशा खोऱ्यांत, जिथं जायला-यायला एकच रस्ता असतो.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. शहरात एक रस्ता खणला तर माणूस दुसऱ्या गल्लीनं जातो. डोंगरात दुसरी गल्ली नसते. आपल्याकडं वरंध घाट बंद झाला की भोर आणि महाडमधलं अंतर कसं वाढतं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

कोर्तिनाला दक्षिणेकडून, म्हणजे व्हेनिसच्या बाजूनं येणारा मोठा रस्ता म्हणजे ‘आलेमान्या’, इटलीचा ५१ नंबरचा राष्ट्रीय मार्ग. ताई, वाल्ले आणि सान वितो या गावांजवळ त्याच्या बायपासची कामं चालू होती. त्यात भर म्हणजे त्या उन्हाळ्यात सान वितोजवळच्या क्रोदा मारकोरा डोंगरावरून आणि जवळच्या कांचा भागात चिखल-दगडांचे लोंढे वारंवार खाली आले आणि रस्ता पुन्हा पुन्हा बंद पडला. म्हणून तो रस्ता आम्ही पहिल्याच दिवशी यादीतून खोडला.

राहिली उत्तरेची बाजू. म्युनिकहून नेहमीचा मार्ग ब्रेनर खिंडीतून जातो. पण त्या मार्गावरच्या ऑस्ट्रियातल्या एका जुन्या पुलावर जानेवारी २०२५ पासून बऱ्याचदा एकाच मार्गिकेतून वाहनं सोडत होते. जावई शांत स्वभावाचा, नकाशात रमणारा. त्यानं तिसरा मार्ग काढला. कुफस्टाइन, किट्झब्यूल, मिटरझिल, मग फेल्बरटाउअर्नचा पाच किलोमीटरहून लांब बोगदा, पुढे लिएंझ आणि पूर्वेकडून इटलीत प्रवेश. बोगद्याचा टोल द्यावा लागतो, पण गाडी वाहती राहते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चार तास चालत्या गाडीत बसणं जमतं. दोन तास थांबलेल्या गाडीत नाही.

मुक्कामाचाही घोळ झालाच. कोर्तिनात एक घर भाड्यानं मिळालं होतं. तीन आठवड्यांनी मालकाचा निरोप आला की बुकिंग रद्द, घर वर्षभरासाठी कामावरच्या इंजिनिअर लोकांना दिलंय. पैसे परत आले, पण मुलगी चिडली. मला त्याचा राग आला नाही, कारण हे मी लहानपणी ऐकलेलं आहे. माझे वडील गवंडी होते. कोयनेचं धरण बांधलं जात होतं तेव्हा तिथं कामाला होते. ते सांगायचे की काम सुरू झालं की गावातली पडकी खोलीसुद्धा भाड्यानं जाते आणि काम संपलं की त्याच खोलीत पुन्हा शेळ्या बांधतात. ‘काम चालू असलेल्या गावात पाहुणा म्हणून जाऊ नये,’ असंही ते म्हणायचे. ‘तिथं चहासुद्धा पाहुण्याच्या भावानं मिळत नाही.’

म्हणून आम्ही कोर्तिना सोडून तिथून तीसेक किलोमीटर उत्तरेला दोब्बियाको या गावात घर घेतलं. तिथले लोक त्याला टोब्लाख म्हणतात, कारण त्या भागात जर्मन बोलतात. पहिल्या महायुद्धापर्यंत तो ऑस्ट्रियाचा मुलूख होता. गाव तेवढ्याच उंचीवर, डोंगर तेच, भाडं बरंच कमी, आणि कोर्तिनाला पाऊण तासात नेणारी बस. शिवाय घराला स्वयंपाकघर होतं. त्या भागात स्पेक नावाचं धुरावलेलं डुकराचं मांस सगळ्यात घालतात, पावाच्या गोळ्यांतसुद्धा. त्यामुळे रोज हॉटेलात विचारत बसण्यापेक्षा आपलं पीठ, आपली डाळ आणि सोलापूरची शेंगाचटणी बरी. तरी एक पदार्थ खाल्ला, तो सांगतो. बीटाचं सारण भरलेल्या करंजीसारख्या छोट्या वड्या, वर वितळलेलं लोणी आणि खसखस. कासुंत्सिएइ म्हणतात. पत्नीनं दुसऱ्यांदा मागून घेतला.

तारीखही मोजूनमापून काढली. बव्हेरियातल्या शाळांची जूनमधली सुट्टी २० तारखेला संपत होती. डोंगरातली विश्रामगृहं आणि पाळणे साधारण त्याच सुमारास उघडतात. इटालियन लोकांची खरी झुंबड ऑगस्टमध्ये. त्यामुळे २१ ते २८ जून. दिवस एवढे लांब की मगरिब नऊच्या पुढे. मुसाफिराची नमाज कसर, हीच काय ती सवलत.

पहिले दोन दिवस आम्ही कुठलंही काम दिसणार नाही अशा बाजूला काढले. तिसऱ्या दिवशी त्रे चिमे, म्हणजे तीन सुळके. सगळ्यात उंच सुळका २,९९९ मीटर. तिथवर वर जाणाऱ्या टोलरस्त्याला गाडीचं आगाऊ आरक्षण लागतं. आम्ही बसनं गेलो. बस २,३२० मीटरवरच्या आउरोन्झो विश्रामगृहाशी सोडते. तिथून पुढच्या विश्रामगृहापर्यंत जवळजवळ सपाट, रुंद वाट आहे, दोन किलोमीटरच्या आतबाहेर. मुलीनं ती वाट अम्मीसाठीच निवडली होती. पत्नी दोन काठ्या घेऊन निघाली. दर दहा मिनिटांनी दगडावर बसायची, पाणी प्यायची, उठायची. जायला दीड तास लागला. वाटेत सावलीला बर्फाचा मळकट ढीग होता, वरून काळपट, आतून पांढरा. तिनं काठी खाली ठेवली, ओंजळीत बर्फ घेतला आणि काहीच बोलली नाही. मग नातवाच्या मानेत तो सोडला. त्या ओंजळीसाठी मी दहा बायपास चुकवले असते.

कोर्तिनाला गेलो चौथ्या दिवशी, मुद्दाम. जावई म्हणत होता कशाला, सगळा धुरळा आहे. मला तो धुरळाच बघायचा होता. गवंड्याच्या पोराला अर्धवट भिंत दिसली की थांबावंसं वाटतं.

बस गावात शिरण्याआधी फियामेस लागतं. तिथं खेळाडूंसाठी तात्पुरत्या घरांचं गाव वसवायचं होतं, स्पर्धा संपली की उचलून न्यायचं. पुढे गावावर क्रेनच क्रेन. मागं तोफानाचे गुलाबी-राखाडी कडे आणि पुढं पिवळ्या क्रेन, असं ते चित्र. १९५६ चं बर्फाचं स्टेडियम अजून आहे, आता तिथं कर्लिंग खेळायचं होतं. त्या वर्षी स्पीड स्केटिंग मात्र मिझुरिना तळ्यावर झालं होतं, निसर्गानं गोठवलेल्या पाण्यावर. ते तळं आम्ही आदल्या दिवशी बसमधून पाहिलं होतं. तिथं ऑलिम्पिकची भिंत नाही की खांब नाही. बर्फ वितळला आणि स्टेडियम संपलं.

घसरगाडीच्या ट्रॅकची गोष्ट उलटी. कोर्तिनात १९२० च्या दशकापासून एक ट्रॅक होता, तो २००८ मध्ये बंद पडला. २००६ च्या तुरिन ऑलिम्पिकसाठी चेझानात कोट्यवधी युरो घालून बांधलेला ट्रॅकही काही वर्षांतच बंद करून टाकला. म्हणून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच सांगत होती की नवा बांधू नका, शेजारच्या देशातला तयार ट्रॅक वापरा. इन्सब्रुक जवळ आहे, सेंट मोरित्झ आहे. इटलीच्या सरकारनं मानलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये काम सुरू झालं, खर्च सुमारे बारा कोटी युरो. जुन्या लार्च झाडांचं एक रान त्यासाठी तोडावं लागलं. झाडांवर कुऱ्हाड पडत असताना मारिओ ब्रुनेल्लो हा नावाजलेला चेलोवादक त्या रानात जाऊन वाजवत बसला होता. ट्रॅक वेळेत झाला नाही तर अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडला शर्यती न्यायच्या, अशीही तयारी ठेवली होती. पण तो झाला. मार्च २०२५ मध्ये त्यावर चाचणीच्या गाड्या धावल्या.

कुंपणाबाहेरून मी तो पाहिला. काम सफाईदार होतं, ते कबूल करायला हवं. काँक्रीटचं ते वळण असं घेतलेलं, की वडिलांनी बघितलं असतं तर हात फिरवून बघितलं असतं. पण तोडलेलं लार्चचं रान उभं राहायला लागणारी वर्षं आणि सतरा दिवसांची स्पर्धा, या दोन आकड्यांचा मेळ मला घालता आला नाही. आजही येत नाही.

परतीच्या बसची वाट बघत होतो तेव्हा भगवं जाकीट घातलेला एक माणूस बाकावर येऊन बसला. पत्नीचा दुपट्टा आणि आमचं आपसातलं बोलणं ऐकून त्यानं सलाम केला. पाकिस्तानच्या पंजाबातला, चाळिशीचा. आठ वर्षं इटलीत, लोखंड बांधायच्या कामावर. इथं भाडं परवडत नाही म्हणून खाली लोंगारोनेच्या बाजूला चौघं मिळून एका खोलीत राहतात. दरड आली की रस्ता बंद, रस्ता बंद की हजेरी बुडते. मी विचारलं, खेळ बघायला मिळेल का? हसला. म्हणाला, ‘चाचा, हमारे लिए फरवरी खेल नहीं, तारीख है।’ त्या तारखेपर्यंत काम आहे, पुढचं ठाऊक नाही. ईदला सुट्टी मिळाली का, असं पत्नीनं विचारलं. नमाजपुरती मिळाली होती. तिनं पिशवीतून शेंगाचटणीचा डबा काढला आणि त्याच्या हातात ठेवला. तिखट आहे, असं बजावून सांगितलं.

लोंगारोनेचं नाव ऐकलं आणि मी गप्प झालो. धरणावर काम केलेल्या घरात ते नाव ठाऊक असतं. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री तिथल्या वायोंत धरणाच्या जलाशयात अख्खा डोंगराचा कडा घसरला. धरण फुटलं नाही, ते आजही उभं आहे. पण त्यावरून उसळलेल्या लाटेनं लोंगारोने आणि आसपासच्या गावांतली सुमारे दोन हजार माणसं नेली. डोंगर सरकतोय हे आधी दिसत होतं, गावकरी सांगत होते. वडिलांनी ही बातमी कोयनेच्या वसाहतीत ऐकली होती आणि दोन रात्री त्यांना झोप लागली नव्हती, असं आई सांगायची. चार वर्षांनी, डिसेंबर १९६७ मध्ये कोयनेचा भूकंप झाला. तेव्हा ते गावी होते.

डोंगरात बांधू नये असं माझं म्हणणं नाही. माझं बालपण बांधकामाच्या मजुरीवरच पोसलं गेलं. सान वितोच्या लोकांना बायपास हवाच होता, वर्षानुवर्षं ट्रकचा धूर त्यांच्याच दारात होता. प्रश्न तारखेचा आहे. जे काम दहा वर्षांत, पावसाचा आणि मातीचा अंदाज घेत करायचं, ते एका उद्घाटनाच्या तारखेला बांधलं की माती परीक्षणापासून मजुराच्या झोपेपर्यंत सगळंच आखूडलं जातं. माळीण आणि इर्शाळवाडी बघितलेल्या महाराष्ट्राला डोंगराची घाई कशी नसते हे माहीत आहे.

स्पर्धा झाली. आम्ही पुण्यात घरी बसून टीव्हीवर पाहिली. पत्नी सोफ्यावर, ऑक्टोबरात दोन्ही गुडघे बदललेले. स्कीइंग करणाऱ्या मुली तोफानाच्या उतारावरून सुसाट येत होत्या, त्यांचं कौतुक वाटलंच. पण त्याआधी जानेवारीत एक बातमी वाचली होती. कोर्तिनात बर्फाच्या स्टेडियमजवळच्या कामावर रात्रपाळीला असलेला एक सुरक्षारक्षक कडाक्याच्या थंडीत ड्युटीवरच गेला. पदकांच्या तक्त्यात त्याला जागा नव्हती. बाकावरचा तो लोखंडवाला कुठं असेल, असं पत्नीनं विचारलं. आम्ही त्याचा नंबर घेतला नव्हता.

मोठ्या खेळासाठी डोंगर खणायचा प्रकार आता आपल्या दारातही आलाय. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, ४३७ किलोमीटर, पुणे जिल्ह्यातल्या घाटवाटांसह. तिच्या आधी रस्त्यांवर डांबराचे पिंप आणि रोलर दिसत होते. रस्ते झाले, चांगले झाले. पहिला पावसाळा त्यांचं खरं परीक्षण करील. पुढचं हिवाळी ऑलिम्पिक २०३० मध्ये फ्रान्सच्या आल्प्समध्ये आहे. कुणाची मुलं तिकडं असतील तर त्यांनी आतापासून नकाशा काढावा.

जाणाऱ्यांसाठी आमच्या अनुभवातून एवढंच. स्पर्धेचं नाव ज्या गावाला आहे तिथं राहू नका, शेजारच्या खोऱ्यात राहा. दोन रस्ते हाताशी ठेवा आणि त्यातला एक तरी दुसऱ्या देशातून किंवा दुसऱ्या तालुक्यातून येणारा असू द्या. घर स्वयंपाकघराचं घ्या आणि बुकिंग रद्द झालं तर पैसे परत मिळतील अशाच अटीवर घ्या. सगळ्यात महत्त्वाची वाट दौऱ्याच्या मधल्या दिवसावर ठेवा, म्हणजे एक दिवस रस्त्यात गेला तरी ती हुकत नाही. आणि अर्धा दिवस कामाच्या जागेजवळ जरूर काढा. डोंगर फोटोत येतो. तो कोण खणतंय आणि रात्री कुठं झोपतंय, हे तिथं थांबल्याशिवाय कळत नाही.

पत्नी आता काठीशिवाय चालते, अल्हम्दुलिल्लाह. पावसाळा ओसरला की पानशेतच्या बाजूला जाऊन नवा रस्ता टिकलाय का ते बघून येऊ, असं ती म्हणते. शेंगाचटणीचे डबे या वेळी दोन घेणार आहे.